घाटासाठी ब्रेक पॅड

शलमोननं प्लास्टिकच्या पिशवीतून मागच्या खेपेला बदललेले झिजके ब्रेक पॅड नमुन्यासाठी काढून काउंटरवर ठेवले. श्रीरामपुरातल्या त्या दुकानदारानं त्यांवरून अंगठा फिरवला आणि तीन खोकी समोर मांडली.

"हे कंपनीचं. हे कडक, लई दिवस चालतं, पण डिस्क खातं. अन् हे मऊ. पाय टेकवला की गाडी जागेवर. कोणतं देऊ?"

शलमोन बेलापूरचा. वीस वर्षं पिकअप चालवत होता, पण पॅड त्यानं कधी निवडलेच नव्हते. ते काम गोरक्षनाथचं. गावाबाहेर रस्त्यालगत त्याचं गॅरेज. गाडी तिथं लावायची, चहा प्यायचा, किल्ली घेऊन निघायचं. बायको दया गेली, मुलगा रॉबिन पुण्याला राहिला, तेव्हापासून तर गाडीला काही झालेलं नसलं तरी शलमोन तिथं जाऊन बसायचा.

"एक मिनिट हं," म्हणत त्यानं मोबाईल काढला आणि सवयीनं गोरक्षचा नंबर लावला. रिंग वाजायला लागली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. गोरक्षला जाऊन चार महिने झाले होते. तो फोन बंद करणार तेवढ्यात पलीकडून बाईचा आवाज आला.

"हॅलो, कोन?"

गोरक्षची बायको, भागूबाई.

"मी शलमोन, वहिनी. चुकून लागला."

"असू द्या. लोकांचे येत्यात अजून. कुनाची गाडी बंद पडलेली असती. मग मला सांगावं लागतं. तुमचं काय काम हुतं?"

"ब्रेक पॅड घ्यायचेत. कोणते घ्यावेत ते इचारायचं हुतं."

"मला त्यातलं काय कळतंय भाऊ? पन बसवायचे असतील तर इकडं या. हत्यारं हायेत तशीच."

फोन ठेवून शलमोन खोक्यांकडं बघत राहिला. दुकानदारानं विचारलं, "काय वाहता गाडीत?"

"म्हशी. घोडेगावच्या बाजाराला. कधी नगरवरनं माल असतो, मग इमामपूरचा घाट उतरावा लागतो."

बोलता बोलता त्याला सुचलं. मागं म्हशी उभ्या असतात. ब्रेक एकदम धरला तर त्या गुडघ्यांवर येतात. आणि उतारावर सारखा पाय ठेवून मऊ पॅड तापले तर पुढं ब्रेकच लागायचा नाही. त्यानं मऊचं खोकं बाजूला सारलं, कडकचंही सारलं.

"कंपनीचं द्या. हळूहळू धरनारं पायजे."

"बरोबर हाय," दुकानदार म्हणाला. शलमोनला वाटलं, हे कुणाला तरी सांगावं. पण दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला होता.

ब्रेक कमी लागत होता म्हणून गाडी अगदी हळू हाकत तो गोरक्षच्या गॅरेजवर पोचला. भागूबाईनं शटर उघडून ठेवलं होतं. आतली जमीन झाडलेली होती, नटबोल्टचे पाने भिंतीवर ओळीनं टांगलेले. शलमोननं जॅक लावला, चाकं काढली, नवे पॅड बसवले. गोरक्षला जे अर्ध्या तासात जमायचं त्याला शलमोनची सगळी दुपार गेली. शेवटी जुनं ब्रेक ऑइल अन् आतली हवा काढून नवं ऑइल भरायचं राहिलं. त्याला दोन माणसं लागतात.

"वहिनी, वर बसता का? मी सांगंल तसं पेडल दाबायचं."

ती पदर खोचून केबिनमध्ये चढली. आजवर ती कधी स्टेअरिंगमागं बसली नव्हती.

"दाबा. धरून ठेवा. सोडा आता."

"असं?"

"व्हय, असंच. परत दाबा."

दोघं बराच वेळ एवढंच बोलत राहिली. पेडल घट्ट झालं तसं तीच म्हणाली, "आता आत जात न्हाई."

शलमोननं रस्त्यावर एक फेरी मारली. गाडी धक्का न देता, सरळ थांबली. तो परत आला तेव्हा तिनं चहा आणला होता. दोघांनी उभ्यानंच घेतला.

"आता पुन्हा कधी बदलायचे?" तिनं विचारलं.

"दोन वर्षं तरी बघायला नको."

"बरं," ती म्हणाली. मग कपाकडं बघत म्हणाली, "दिवाळीनंतर मी जामखेडला चालले, लेकीकडं. जागा भाड्यानं देनार हाय. तुमाला यातलं काय हत्यार पायजे असंल तर घिऊन जा."

शलमोननं भिंतीवरच्या पान्यांकडं पाहिलं.

"राहू द्या वहिनी. मी एकटा काय करनार घिऊन?"

तिनं रिकामे कप उचलले. त्यानं शटर खाली ओढून दिलं आणि गाडी सुरू केली. बेलापुरात शिरताना वाटेत एक कुत्रं आडवं आलं. त्यानं ब्रेक दाबला. गाडी अलगद उभी राहिली. कुत्रं निघून गेलं तरी तो तसाच थांबला होता, मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न मारेपर्यंत.