डाव्या कुशीवर

कस्तुरी आत्या हेब्बाळहून आली आणि अण्णांच्या खोलीच्या उंबऱ्यापाशीच थांबली. पिशवीतून अंगाऱ्याची पुडी काढून तिने चिमूटभर खाटेच्या दिशेने उडवला आणि मग भार्गवीकडे वळून म्हणाली, "ही अजून इथंच काय?"

"खाट आहे ती आत्या, पाहुणी नव्हे. जाईल कुठे?"

"चेष्टा करू नको. गेल्या खेपेला तू कण्हलीस ते मी स्वयंपाकघरात ऐकलंय. येऊन बघते तर डोळे सताड उघडे, आणि हाक मारली तर ओ नाही. माझ्या हातातली परात पडली की."

परात पडली होती खरी. तिच्या काठाला आलेला पोचा भार्गवीला रोज कणीक मळताना बोटाला लागायचा.

अण्णा गेल्यापासून हे सुरू झालं होतं. दुपारी जेवून ती जराशी आडवी व्हायची, डोळा लागायचा आणि मध्येच जाग यायची. पंखा दिसायचा, खिडकीचा पडदा दिसायचा, खाली रस्त्यावर भाजीवाल्याची हाक ऐकू यायची. फक्त शरीर आपलं नसायचं. हात उचलता येत नसे, मान वळत नसे, ओरडावं तर घशातून नुसतं कण्हणं निघे. मग छातीवर वजन यायचं. आणि डोळ्याच्या कडेला, डावीकडे, अण्णांच्या रिकाम्या खाटेवर कुणीतरी करड्या रंगाचं बसलेलं असायचं.

भार्गवी वाचणारी बाई होती. तिने यावर मिळेल ते वाचलं होतं, डॉक्टरांनाही भेटून आली होती. स्वप्न पडत असताना माणसाने उठून धावू नये म्हणून मेंदू शरीराला बांधून ठेवतो. कधीकधी जाग आधी येते आणि गाठ मागाहून सुटते. मधल्या त्या थोड्या वेळात उरलंसुरलं स्वप्न उघड्या डोळ्यांसमोर सांडतं. देशोदेशीच्या लोकांना हे ठाऊक आहे आणि प्रत्येकाच्या छातीवर कुणी ना कुणी बसतंच. कुठे म्हातारी, कुठे सैतान, आपल्याकडे मुंजा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जीवाला धोका नाही, झोपेच्या वेळा सांभाळा, आणि उताणं झोपू नका. वेळा तिने सांभाळल्या. उताणं झोपणं तेवढं सुटत नव्हतं.

कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. अण्णांच्या आजारपणात ती त्यांच्या खाटेशेजारच्या दिवाणावर झोपायची, डाव्या कुशीवर, त्यांच्याकडे तोंड करून. त्यांचा श्वास ऐकत झोपायची सवय झाली होती. आता डावीकडे वळलं की रिकामी गादी. उजवीकडे वळावं तर अण्णांकडे पाठ. म्हणून ती छताकडे बघत झोपायची.

"मी काय म्हणते," आत्या जेवताना म्हणाली. तिने डब्यातून आणलेली मूगडाळीची कोसंबरी भार्गवीच्या ताटात दुसऱ्यांदा वाढली. "अण्णाचं काहीतरी मागं राहिलंय. त्याशिवाय माणूस असा येऊन बसत नाही. आपण शांत करून घेऊ. खाट देऊन टाकू. आणि तू चल हेब्बाळला, माझ्याकडे. या घरात एकटीनं राहून काय करतीस?"

अण्णा हे आत्याचे थोरले भाऊ. बेंगळुरूत तीन पिढ्या काढलेल्या घरात थोरल्या भावाला अण्णाच म्हणतात. तिचं ऐकून ऐकून भार्गवीही बापाला अण्णा म्हणायला लागली होती. त्यामुळे या घरात त्या एका हाकेवर दोघींचा हक्क होता, आणि दोघींचा अण्णा काही अगदी एकच नव्हता.

भार्गवीने घास खाली ठेवला. "आत्या, जो माणूस जन्मात कुणाच्या छातीवर बसला नाही, त्याला मेल्यावर बसवू नकोस."

आत्याने आवाज खाली आणला. "मग कोण बसतं?"

"कुणी नाही. तेच तर सांगते. आज तू इथे बस. मी झोपते. मी भेदरले असं तुला दिसलं तर खाट ने, मलाही ने, वाटेल ती पूजा घाल. नाही दिसलं तर अण्णांचं नाव यात पुन्हा काढायचं नाही. कबूल?"

"सरी," आत्या म्हणाली. कानडीत दिलेला होकार तिच्या लेखी जास्त पक्का असे.

भार्गवीने हे धिटाईने म्हटलं खरं, पण दिवाणावर अंग टाकण्याआधी तिने खाटेकडे एकदा बघून घेतलं. ती नेहमीसारखी उताणी झाली. आत्या खिडकीतल्या लाकडी खुर्चीत ताठ बसली, हातात जपमाळ, नजर भार्गवीवर. पोलीस ठाण्यातल्या हवालदारासारखी.

"अशी बघत बसलीस तर झोप येईल का मला?"

"मी बघते कुठं? मी जप करते. झोप तू."

झोप आली तीही अण्णांच्या आठवणीतूनच. तीस वर्षं कारखान्यात पहिली पाळी केलेल्या अण्णांना दुपारची झोप म्हणजे निवृत्तीची खरी कमाई वाटे. आणि शब्दांच्या बाबतीत भारी काटेकोर. "लोक वामकुक्षी वामकुक्षी म्हणतात आणि पालथे पडून घोरतात. अगं, वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. डाव्या कुशीवर नसेल तर ती नुसती झोप. वामकुक्षी म्हणायचं नाही तिला." पुढे झटका आला आणि नेमकी डावी बाजूच गेली. बोलता यायला लागल्यावर वाकड्या तोंडाने त्यांनी पहिला विनोद केला तो असा, "डावी आघाडी संपावर गेली." भार्गवीला तो कळेना. त्यांनी पुन्हा सांगितला, पुन्हा सांगितला, आणि ती हसेपर्यंत थांबले नाहीत.

व्यायाम करून घ्यायला रंजिता यायची. तिचा सगळा भर एका शब्दावर. पाय उचला म्हटलं की अण्णा सगळी ताकद लावायचे, लालबुंद व्हायचे, आणि काहीच हलायचं नाही. रंजिता म्हणायची, "पाय नको अंकल. अंगठा. स्वल्प." अण्णा कुरकुरायचे, "या गावात रिक्षावालाही स्वल्प थांबा म्हणतो आणि तासभर येत नाही." पण अंगठा हलला. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघा. रंजिता नसली की भार्गवी पायथ्याशी बसून तेच म्हणायची. अंगठा, अण्णा. फक्त अंगठा. स्वल्प.

जाग आली तेव्हा पंखा फिरत होता.

शरीर नव्हतं. छातीवर वजन येत होतं, ओल्या वाळूच्या पोत्यासारखं, हळूहळू. डोळ्याच्या कडेला खाटेवर करडं काहीतरी होतं. या वेळी बसलेलं नव्हतं, आडवं होतं. ओरडावंसं वाटलं, सगळं अंग एका झटक्यात सोडवून घ्यावंसं वाटलं, आणि त्याच वेळी तिला अण्णांचा लालबुंद चेहरा आठवला.

सगळं अंग एकदम मागितलं की ते काहीच देत नाही.

तिने मागणं सोडून दिलं. वजनाला म्हटलं, बस बापड्या, मला ठाऊक आहे तू कोण. श्वास तिचा चालूच होता. तो कुणी अडवला नव्हता, नीट पाहिलं तर कधीच अडवला नव्हता. तिने तो लांबवला. मग मनानेच ती स्वतःच्या पायथ्याशी जाऊन बसली, जशी त्या खाटेच्या पायथ्याशी बसायची. अंगठा, भार्गवी. फक्त अंगठा.

काही नाही.

स्वल्प.

डाव्या पायाचा अंगठा हलला. इतकासाच, चादरीला कळेल न कळेल असा. पण तेवढ्याने गाठ सुटली. पाऊल आलं, गुडघा आला, वजन कुठे गेलं ते कळलंही नाही. तिने मान डावीकडे वळवली.

खाटेवरचं करडं मात्र गेलं नाही. तिथेच राहिलं, आणि घोरलं.

भार्गवी क्षणभर बघत राहिली आणि मग तिला असं हसू फुटलं की दिवाण हलला. करडी काठापदराची साडी, मुठीत जपमाळ, अण्णांच्या उशीवर डोकं. कस्तुरी आत्या त्यांच्या खाटेवर गाढ झोपली होती.

"काय गं?" आत्या दचकून जागी झाली. "आलं काय? झालं?"

"आलं आणि गेलंही. तू झोपली होतीस."

"मी? मी कुठली झोपते! ती खुर्ची बोचाया लागली म्हणून नुसती टेकले..." तिचा हात गादीवर फिरला, आणि आपण कुठे टेकलो ते तिच्या ध्यानात आलं. उठावं की नाही, तिला कळेना.

"तुला कुणी दाबलं का तिथे?" भार्गवीने विचारलं.

आत्याने छातीला हात लावून पाहिला. खरोखरच पाहिला. "नाही की," ती म्हणाली. मग नवल वाटून म्हणाली, "उलट पाठ मोकळी झाली बघ. चांगली गादी आहे ही." आणि थोड्या वेळाने, वेगळ्याच आवाजात, "त्याच्या तेलाचा वास आहे उशीला अजून."

"आहे."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"तू घाबरलीस?" आत्याने विचारलं.

"आधी घाबरले. मग नाही. बाहेर यायची वाट मला ठाऊक आहे, आत्या. अण्णांसोबत रोज चाललेली वाट आहे ती."

आत्याने पदराने डोळे पुसले आणि उशी नीट केली. "बरं. मग मी नाही काढायची त्याचं नाव. सरी म्हटलं ते म्हटलं. आणि खाट राहू दे. मी आले की मला लागेल." ती पुन्हा आडवी झाली आणि सवयीने कूस बदलली, भार्गवीकडे पाठ करून. "अजून घटकाभर पडते. चहाला उठव."

"कुठल्या कुशीवर झालीस?"

"डाव्या. का?"

"मग वामकुक्षी म्हणायला हरकत नाही."

"मेला छळायचा त्या शब्दावरून," आत्या पुटपुटली, आणि बोलता बोलताच तिचा श्वास जड झाला.

भार्गवीने पाय पोटाशी घेतले आणि ती डावीकडे वळली. समोर करड्या साडीतली पाठ वर येत होती, खाली जात होती. ती ऐकत पडून राहिली. मग तिचाही डोळा लागला, आणि चहाला कुणी कुणाला उठवलं नाही.