मांबा कुळातला माणूस

हिरवा ठिपका तिळाएवढा होता. फोनवरच्या खेळात, मित्रांच्या यादीत, एका नावाच्या डाव्या बाजूला. नबाकूझाने त्याच्याबद्दल एक गोष्ट टिपली होती. बाकीच्या नावांचे ठिपके पेटत, विझत. हा मात्र तिची लेक एसेझा फोन हातात घ्यायची तेव्हा आधीच पेटलेला असायचा, कोणी येऊन वाट बघत बसावं तसा.

रविवारपासून नबाकूझाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्या दिवशी तिने सात वर्षांच्या लेकीला फोनसमोर गुडघे टेकून बसलेलं पाहिलं होतं. फोन उशीला टेकवलेला, खेळातल्या त्या नावाशी बोलणं चालू, पोरीची मान खाली, हात मांडीवर, आणि तोंडाने घडाघडा चाललेलं: मी एसेझा नामुबिरु, माझे बाबा मुबिरु, आजोबा अमुक, पणजोबा तमुक, कुळ मांबा, म्हणून आम्ही मांबा मासा खात नाही. वडीलधाऱ्यांनी "तू कोणाची गं?" विचारलं की युगांडातल्या या मसाकातलं कुठलंही पोर असंच गुडघे टेकून सांगतं. एसेझाला हे तिच्या सेंगाने, म्हणजे बापाच्या थोरल्या बहिणीने शिकवलं होतं. सेंगा कौतुकाने हसली, म्हणून नबाकूझाही हसली. मग रात्रभर कूस बदलत राहिली.

बोलायला हवं होतं. पण मुलींना वळण लावणं सेंगाचं काम आणि कुळ मुलीच्या बापाचं. नबाकूझा लग्न करून दुसऱ्या कुळातून आलेली. उद्या बोलू, असं ती रोज म्हणत होती.

आज सकाळी तिच्या तिसरीच्या वर्गात इंटरनेटवरच्या सुरक्षिततेचा धडा होता. "अनोळखी माणसाला नाव, गाव, शाळा सांगायची नाही," तिने फळ्यावर लिहिलं. मुलांनी एका सुरात म्हटलं. तिने सहज विचारलं, "अनोळखी म्हणजे कोण?"

"ज्याचं कुळ माहीत नाही तो, टीचर," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"आणि कुळ सांगितलं तर?"

"मग तो काकाच की," मागून कोणी तरी म्हणालं आणि सगळा वर्ग हसला, टीचरना एवढंही कळत नाही म्हणून. नबाकूझाच्या हातातला खडू मोडला. पुढचा तास तिने कसाबसा घेतला. खिडकीपाशी गेली, परत आली, एकच गणित दोनदा सोडवलं.

घरी आली तेव्हा सेंगा अंगणात मटोके सोलत बसली होती. कच्च्या केळ्यांच्या चिकाने तिची बोटं काळी पडली होती. एसेझा चटईवर खेळत होती. ठिपका पेटलेला.

"बघू फोन," नबाकूझा म्हणाली.

"आई, थांब ना, बाबा लिहितायत."

"तुझे बाबा कंपालात कामावर आहेत."

"ते नाही गं. हे मांबाचे बाबा. मांबाचे सगळे मोठे पुरुष बाबाच असतात. हो ना, सेंगा?"

"अगदी बरोबर, माझी राणी," सेंगाने सोललेलं केळं पाण्यात टाकलं.

नबाकूझाने फोन घेतला आणि उभ्यानेच वाचू लागली. आधी गोड गोड चौकशा. मग शाळेच्या गणवेशातला फोटो मागितलेला. मग, कुठल्या फाटकातून बाहेर पडतेस? एसेझाने लिहिलं होतं, मागच्या. सर्वांत खाली आत्ताचंच वाक्य होतं: शुक्रवारी मी तिथे येतो, पण आईला सांगू नकोस, ती आपल्या कुळातली नाही.

तिने ते पुन्हा वाचलं. आपण या कुळातल्या नाही, हे तिने रविवारपासून स्वतःला ऐकवलं होतं, आणि तेच तो लिहीत होता.

"काय झालं, वहिनी? भूत दिसलं का फोनमध्ये?" सेंगा म्हणाली. "शिकलेल्या बायका तुम्ही. पाल बघून नाही घाबरणार, पण फोन बघून घाबराल."

"सेंगा, हा माणूस कोण आहे?"

"मांबाचा आहे म्हणतोय ना?"

"म्हणतोय. तुम्ही पाहिलाय? त्याचा आजोबा कोण, हे कोणी विचारलं?"

सेंगाची सुरी थांबली. "पोरगी विचारेल मोठ्या माणसाला? असलं वळण नाही लावलं मी."

"तेच तर."

"तेच तर काय?"

"तिने सगळं सांगितलं, त्याला मात्र काहीच विचारलं नाही."

एसेझा एकदा आईकडे, एकदा सेंगाकडे बघत होती. "मी चुकले का?"

"नाही, बाळा," नबाकूझा म्हणाली. "तू नाही चुकलीस."

तिने सेंगासमोर गुडघे टेकले. नणंदेशी उभ्याने बोललं असतं तर शब्द ऐकून घेतलेच गेले नसते. फोन तिने सालींच्या ढिगाशेजारी, सेंगाला वाचता येईल असा ठेवला. सेंगाने हात पुसले, वाचलं, आणि शेवटच्या ओळीवर तिचं काळं बोट बराच वेळ तसंच राहिलं.

"यातलं काही पुसायचं नाही," नबाकूझा म्हणाली. "सेंगा, हा फोन घेऊन मी आत्ता पोलीस चौकीत जातेय, आणि तुम्ही माझ्याबरोबर येताय. आणि उद्यापासून एसेझाला आणि माझ्या वर्गातल्या सगळ्या मुलांना मी शिकवणार आहे, की समोर न दिसणाऱ्या मोठ्या माणसाने 'तू कोणाची' विचारलं, तर गुडघे टेकायचे नाहीत, उत्तर द्यायचं नाही, उठायचं आणि घरी येऊन सांगायचं. तो मांबाचा असला तरी."