पौषातली हळद

आमच्या गव्हाण गावात माझ्या साऊंडचा पहिला दणका झाला की सगळ्यात आधी कोण येतं, माहितीय? नवरदेव नाही, करवल्या नाहीत. कुत्री येतात. मी अजून माइकमध्ये "हॅलो हॅलो" करत असतो, तोवर मांडवाच्या मागे हे सगळे शिस्तीत बसलेले. बिचाऱ्यांना मुहूर्त कळत नाही, पण हळद म्हणजे मटण हे गणित पक्कं. आमच्याकडे हळदीला हजार माणूस जेवतं, म्हणजे त्यांचीही चंगळच.

ह्या हिवाळ्यात वेशीकडच्या आळीत पिल्लं मरायला लागली. सकाळी उड्या मारणारं पिल्लू संध्याकाळी कोपऱ्यात पडलेलं, रक्ताचे जुलाब, आणि मग संपलंच. पार्व्हो म्हणतात त्या रोगाला. म्हणून मीच पनवेलहून डॉक्टर स्नेहलला बोलावलं. पोरगी हुशार, गाडी भरून लसी, बर्फाचे डबे आणि जाळीवाली दोन माणसं घेऊन आली.

गाडी थांबली, जाळी बाहेर निघाली आणि गाव एकदम कुत्रामुक्त झालं. दुपारपर्यंत एकच सापडला, आमचा सरपंच. हा माझा कुत्रा, स्पीकरच्या खोक्याखाली झोपलेला. सुई टोचली तरी उठला नाही, फक्त कूस बदलली.

पण खरी अडचण होती भामा मावशीच्या घरात. तिच्या राणीला चार पिल्लं झालेली, दीड-दोन महिन्यांची. रोग दोन आळ्यांवर आलेला आणि मावशीने दाराला आतून कडी घातलेली.

स्नेहल दाराशी जाऊन गोड बोलली, "मावशी, नुसतं बघते हो पिल्लांना."

"बगू नको!" आतून आवाज. "आईचं दूद पितात ती. काय होत नाय त्यांना."

"राणीला कधी लस दिलीय का? तिच्याकडेच ताकद नसेल तर दुधातून काय देणार ती? आणि दिली असती तरी आता ती ताकद उतरायला लागते. ह्याच वयात पिल्लं जातात, मावशी."

मग दाराच्या अगदी जवळून आवाज आला, एकदम बारीक. "माज्या मोत्याला पन अशीच सुई दिली व्हती. गेल्या साली. दुसऱ्या दिवशी मांडीवर गेला माज्या. तू जा बाय."

मोत्या मला आठवतो. तो आधीच दोन दिवस जेवत नव्हता. कुठूनतरी एक जण आला, गाडीवरून न उतरताच सुई टोचली आणि गेला. मावशीच्या डोक्यात मात्र तेव्हापासून सुई म्हणजे मरण.

स्नेहल तोंड पाडून परत आली. "कमळाकरदादा, काय करायचं? दार तोडू शकत नाही आपण."

"दार ती स्वतः उघडेल," मी म्हटलं. "तुम्ही फक्त कोंबडीचे पाय उकडून भातात कालवा. हाडं काढून. पातेलं मोठं घ्या."

आता मावशी कोण, ते सांगतो. ती आमच्या गावची धवलारीण. आमच्याकडे लग्नातले धवले म्हणजे ती जुनी गाणी धवलारीण गाते, तिच्याशिवाय हळद लागत नाही. तिचं आणि माझं जन्माचं भांडण. ती गायला लागली की मी आवाज वाढवतो, मी आवाज वाढवला की ती माझ्या वायरी उपटते.

ऊन कललं. देवळासमोरच्या माळावर दोन खोकी मांडली, नेहमीपेक्षा आवाज निम्मा ठेवला, आणि हळदीचं गाणं लावलं.

पहिला आला एक लंगडा पांढरा. मग दोन, मग पाच, मग खाडीकडून एक अख्खी टोळी. सगळे जाऊन बरोब्बर खोक्यांच्या मागे बसले. पत्रावळ्या मांडल्या. माना खाली, शेपट्या वर. स्नेहल आणि तिची माणसं मागून जायची, मानेची कातडी चिमटीत धरायची, सुई आत, सुई बाहेर. कोणी वर बघेल तर शपथ.

आणि मग गाव आलं! तेही येणारच होतं म्हणा. गोदू काकी एका कानात झुमका घालून धावत आली, दुसरा हातात. "कुनाची हलद रं कमल्या? आमाला आवतन नाय?"

"मुलीकडची घाईत होती, काकी."

"मुलगी कोन?"

मी पत्रावळीवरच्या एका काळ्या कुत्रीकडे बोट दाखवलं. काकीने तोच झुमका मला फेकून मारला.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. भामा मावशी! नऊवारी कासोटा घट्ट, केसात घाईने खोचलेलं जास्वंदीचं फूल, डोळ्यांत जाळ.

"मेल्या! पौषात हलद? आन माज्याबिगर? कोन गातंय तुज्या मांडवात, बोल!"

"मावशी, पौष कुत्र्यांना लागत नाही."

"कुत्र्यांना?"

तिने आजूबाजूला पाहिलं. मग मागे पाहिलं. रागाच्या भरात दार सताड उघडं टाकून आली होती. तिच्या मागे राणी, कोंबडीच्या वासाने नाक वर करून. आणि राणीच्या मागे पिल्लं, एक, दोन, तीन, आणि बरंच मागे, थांबत थांबत, चौथं.

मावशीला सगळं कळलं. मला वाटलं आता कानाखाली बसते. पण ती खाली बसली आणि पदरात पिल्लं गोळा करायला लागली. माझं हसू तिथंच जिरलं.

स्नेहल तिच्यासमोर मातीतच बसली. सुई बाजूला ठेवली. "मी आधी बघते. तुम्ही सांगाल तेव्हाच टोचते."

एकेक पिल्लू घेतलं. हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, शेपटीखाली थर्मामीटर. पहिलं ठीक. दुसरं ठीक. तिसरं तर तिच्या बोटालाच चावलं. चौथ्याला मात्र ती बराच वेळ धरून बसली.

"ह्याला नाही देणार मी."

"का?" मावशीने मान वर केली.

"ताप आहे ह्याला. आजाऱ्याला लस द्यायची नसते. ती रोग बरा करत नाही, फक्त येण्याआधी अडवते. आधी ह्याला औषध देऊ, बाकीच्यांपासून वेगळा ठेवू. बरा झाला की मग सुई."

मावशीने चौथं पिल्लू परत पदरात घेतलं.

"त्यानं बगितलंच नव्हतं," ती म्हणाली. "माज्या मोत्याला. हात पन नाय लावला. नुसती सुई टोचली." डोळे पुसले. "मंग सुईनं नाय गेला तो?"

"नाही मावशी. तो आधीच आजारी होता."

मावशीने नाक ओढलं. मग बाकीची तीन पिल्लं स्वतः एकेक करून पुढे केली. "पार्व्होचं आज, परत एकदा महिन्याभराने," स्नेहल सांगत होती, "आणि रेबीजचं तीन महिन्यांची झाली की." राणीला दोन्ही एकदमच दिली.

आता घोटाळा असा की टोचलेल्या कुत्र्याला रंगाची खूण करतात, दोनदा टोचू नये म्हणून. आणि रंगाची कांडी संपलेली. अर्धी कुत्री बिनखुणेची, सगळी एकाच पातेल्याभोवती.

"रंग कशाला?" मावशी उठली. "गोदू, हलद आन घरातनी. वाटीभर, पान्यात कालवून."

मग काय विचारता! बायका पुढे, टोचलं की कपाळाला हळद, टोचलं की कपाळाला हळद. मावशीने माझी वायर उपटली, नेहमीसारखी, आणि धवला सुरू केला. नवरीच्या जागी राणीचं नाव घातलं. जाळीवाले हसून हसून खाली बसले. आमचा सरपंच दोनदा हळद लावून घेऊन आला, भाताच्या आशेने.

चौथ्याला पार्व्हो नव्हता, तपासून झालं; पोटात जंतांचा गोळा होता. मावशीने त्याला चुलीजवळ टोपलीत ठेवलं, वेळच्या वेळी औषध पाजलं. चांगला टुणटुणीत झाल्यावर स्नेहलने येऊन त्याला सुई दिली. मावशी त्याला आधीच पिवळा करून घेऊन आली होती. "आदी हलद, मंग बाकीचं. लग्नात उलटं असतं काय?"

बाकीच्यांच्या दुसऱ्या डोसचा दिवस आला. मी निवांत उठलो. अंगणात आलो तर फाटकाबाहेर अर्धं गाव, नटूनथटून. बायको कमरेवर हात ठेवून उभी.

"ह्या वयात हलद लावून घेताय म्हने! दुसरीची?"

गर्दीत भामा मावशी पदर तोंडाला लावून हसत होती. रात्रीच तिने घरोघर आवतन देऊन टाकलेलं, माझ्या नावाने. आणि गावामागे, फाटकापासून पार पिंपळापर्यंत, गावातली सगळी कुत्री. सगळ्यात पुढे ते चौथं पिल्लू, शेपूट हलवत, भाताची वाट बघत.