एकशेसतरा नंबरचं यान

गिरणीचा भोंगा बंद होऊन दोन वर्षं झाली होती. तरी परदेशीपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत दुपारचे तीन वाजले की बाबूराव मान वर करत, जणू आत्ताच तो वाजला. मग सुनेला हाक मारत, "मंजिरी बेटा, चहा. दोन कप."

मंजिरी दोन कप आणायची. एक त्यांच्यापुढे, एक समोरच्या रिकाम्या वेताच्या मुढ्यापुढे. दुसऱ्यावर साय धरायची आणि साडेतीनला ती तो मुकाट्यानं मोरीत ओतायची. तो कप लक्ष्मणचा होता, आणि लक्ष्मण माघात वारला होता.

बाबूराव आणि लक्ष्मण एकाच मागावर कामाला होते, नंबर एकशेसतरा. एकानं सोडला की दुसऱ्यानं धरायचा. तीनच्या भोंग्याला गेटवर उभ्याउभ्या चहा, तेवढीच भेट. गिरणी बंद पडल्यावर लक्ष्मण सांवेर रोडच्या एका गोदामावर चौकीदार झाला आणि तिथंच, खुर्चीत बसल्याबसल्या गेला. बाबूराव ना स्मशानात गेले, ना त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना, भेटायला. "पाळी बदललीय त्याची," एवढंच म्हणाले. गिरणीत असंच असायचं. एकाला रात्रपाळी लागली की जिवलग माणूस आठवडा-आठवडा दिसायचा नाही, आणि त्याचं कुणी सुतक धरायचं नाही.

मंजिरीनं कधी टोकलं नाही. तिला भीती वाटायची. लक्ष्मण गेला हे एकदा सासऱ्यांच्या आत उतरलं, तर मागोमाग तेही निघतील. कपभर चहाचं काय एवढं!

आणि गोष्टी होत्याच. वीस वर्षं जेवणाच्या सुट्टीत बाबूराव एका आकाशयानाच्या गोष्टी सांगत आले होते. यानाचा नंबर एकशेसतरा, हँडलवर लक्ष्मण. रोज नवा ग्रह, नवं संकट, आणि शेवटी यान वाचवताना लक्ष्मण मरायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा हँडलवर हजर! कुणी हरकत घेत नसे. बदलीचे कामगार, आजचा ऐकणारा उद्या नाही. गोष्ट एका डब्यात संपलीच पाहिजे. गेटवर लक्ष्मण विचारायचा, "क्यों भिया, आज मेलो की वाचलो?"

"मेलास."

"चला, म्हणजे उद्या ड्यूटीवर यावं लागणार."

आता ऐकणारी एकच होती, मंजिरीची पाच वर्षांची शर्वरी. आणि ती रोज तीच.

बुधवारी यान कापसाच्या ग्रहावर उतरलं. तिथल्या आगीत यानाचं दार बाहेरून लावायला लक्ष्मण मागे राहिला. गुरुवारी चहा आला, बाबूरावांनी सुरू केलं, "यान निघालं. लक्ष्मणनं हँडल ओढलं..."

"आजोबा, रुको."

"काय गं?"

"लक्ष्मणकाका तर काल मेला ना? कापसात."

"ती कालची गोष्ट. ही वेगळी."

"पण यान तर तेच आहे!"

मटार सोलता सोलता मंजिरीचा हात थांबला. "शर्वरी, सांगू दे आजोबांना."

"नाही! त्याला तिथं सोडून आले सगळे. कुणी बघायला पण नाही गेलं."

बाबूराव मुढ्याकडे बघत राहिले. तिथं कुणी खाकरलं असतं तरी मंजिरीला नवल वाटलं नसतं. तिच्या अगदी ओठांवर आलं, बाबा, करा त्याला जिवंत, पोरीचं काय ऐकता!

"मग सांगा ना," शर्वरी म्हणाली. "कालच्या पुढचं."

"ते मला येत नाही बेटा," बाबूराव म्हणाले. आणि ते खरंच होतं. वीस वर्षांत त्यांनी दुसरा दिवस कधी सांगितलाच नव्हता. मग कुणा दुसऱ्याचा घसा उसना घेतल्यासारखे बोलू लागले, "काल लक्ष्मण राहिला. यान पुढं निघालं. हँडलपाशी त्याची खुर्ची होती. तिच्यात कुणी बसायचं नाही. सगळे म्हणायचे, येईल. त्याचा चहा ठेवायचे."

"पागल आहेत."

"हो."

"आणि त्याच्या घरी कुणी सांगितलं?"

साडेतीन झाले होते. मंजिरी सवयीनं कप उचलायला वाकली, तर तो आधीच बाबूरावांच्या हातात होता. भोंगा झाला की गेटवर प्यायचे तसा, उभ्यानं, सायीसकट, एका घोटात त्यांनी तो गार चहा संपवला. ओठ पुसले.

"माझी टोपी दे. सुमनवहिनींकडे जाऊन येतो."

"मी येऊ, बाबा?"

"नको. हिला नेतो. हिला पुढचं ऐकायचंय."

शर्वरीचं बोट धरून ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले. मंजिरीनं दोन्ही कप विसळून पालथे घातले. पाय दुखत होते, टोपलीत मटार अजून अर्धे उरले होते. ती मुढ्यापाशी आली, क्षणभर थांबली, आणि खाली जमिनीवरच बसली.