वाफ आहे तोवर

मित्रांनो, रंगाने पिवळा पडलेला, नळीला एका जागी चिकटपट्टी गुंडाळलेला असा मी एक स्टीम क्लीनर आहे. बाथरूम वाफेने धुणं हा माझा धंदा. माझ्यासारख्याला घरात आणून फायदा आहे का, असं लोक फार विचारतात. फायदा आहे. तो कुणाच्या पदरात पडतो, ते मात्र ऐकून घ्या.

कुठल्या कारखान्यात मी तयार झालो, ते मला आठवत नाही. मला जाग आली ती बेंगळुरूला, जे. पी. नगरातल्या एका फ्लॅटमध्ये, शार्दूलने खोकं फोडलं तेव्हा. फ्लॅट त्याच्या वडिलांच्या, पुरुषोत्तमरावांच्या फंडातून घेतलेला. ही गोष्ट त्या घरात कुणी काढत नसे. पुरुषोत्तमरावही काढत नसत.

पुरुषोत्तमरावांचं वय झालं होतं आणि वयाबरोबर नेमही चुकू लागला होता. त्यांच्या मागच्या बाथरूमला वास यायचा. कामवाली अक्का दारापर्यंत आली, नाकाला पदर लावून माघारी गेली. शार्दूलची बायको सिद्धी पुण्याची, दिवसभर घरातूनच ऑफिस करणारी. तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंकाला एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. शार्दूलला वडिलांना 'जा' म्हणायचं नव्हतं आणि बायकोला 'नको' म्हणायचं नव्हतं. दोन्ही टाळता यावं म्हणून त्याने मला आणलं. पुरुषांनी घरात आणलेली निम्मी यंत्रं अशीच आलेली असतात.

सिद्धी आवाज चढवणारी नव्हती. माझ्याकडे बघत ती सासऱ्यांना म्हणाली, "ओके बाबा. बाथरूम क्लीन राहिलं तर माझा काही इश्यू नाही. मशीन आहे तोवर बघू."

म्हणजे मित्रांनो, म्हाताऱ्याचा त्या घरातला मुक्काम माझ्या तोटीला बांधला गेला.

पुरुषोत्तमरावांना त्याचं भय वाटलं नाही. उलट त्यांची मान ताठ झाली. सगळी नोकरी त्यांनी सरकारी कारखान्यात बॉयलर बनवण्यात घालवली होती. "वाफ म्हणजे काय, ते मला विचारा," ते म्हणाले, आणि जेवण होईपर्यंत सांगत राहिले. विचारलं कुणीच नव्हतं.

पण जोडी जमली. त्यांना वाकून घासता येत नव्हतं, माझी नळी लांब होती. रोज सकाळी ते लुंगी खोचून उभे राहायचे आणि मी फरश्यांच्या सांध्यांत मुरलेली घाण उकरून वर आणायचो. साबणाचा चिकट थर, कोपऱ्यातली काळी बुरशी, कमोडच्या बुडाशी मुरलेला वास, सगळं सुटलं. टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग तेवढे सुटले नाहीत. ते वाफेचं कामच नव्हे, त्याला आम्लच लागतं. दुपारी सिद्धी दारात उभी राहून एकदा श्वास घ्यायची आणि काही न बोलता जायची. त्या घरात काही न बोलणं ही शाबासकी होती. पुरुषोत्तमराव ती दिवसभर पुरवून खायचे.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. बेंगळुरूत पाणी म्हणजे काय चीज आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. पिण्याचं पाणी गाळणाऱ्या यंत्रातून जे पाणी बाहेर टाकलं जातं, ते या घरी बादलीत साठवत. फरशी पुसायला, कमोडमध्ये ओतायला. पुरुषोत्तमरावांना त्या बादलीचा भारी अभिमान. त्यातलंच पाणी त्यांनी माझ्या पोटात घातलं. मित्रांनो, गाळून काढलेला सगळा क्षार त्याच पाण्यात असतो. माझ्या माहितीपत्रकात तसं पाणी घालू नका म्हणून छापलं होतं. पण बॉयलर बनवणारा माणूस माहितीपत्रक कशाला वाचेल? आणि कारखान्यात पाण्याचं खातं वेगळं होतं. ते केमिस्ट लोक बघायचे. या गृहस्थांच्या टेबलावर जन्मभरात बॉयलरचे नकाशे आले, पाणी कधी आलंच नाही.

माझ्या पोटात चुना धरू लागला. वाफ मंदावली, तोटीतून पांढऱ्या कपच्या उडू लागल्या. पुरुषोत्तमरावांनी कुणाला सांगितलं नाही. दार लावून ते गुडघ्यांवर बसले आणि जुन्या ब्रशने फरशी घासू लागले. मला शेजारी नुसतं चालू ठेवायचे. बाहेर माझा आवाज जावा, एवढंच माझं काम उरलं. बाहेर येताना ते भिंत धरून यायचे आणि सुनेला सांगायचे, "स्वल्प वेळ लागला, पण काम बघ कसं झालंय."

मग एका सकाळी मी पूर्ण बंद पडलो. त्यांनी बटण दाबून पाहिलं, मला थोपटलं, कानाशी धरून हलवलं. मी गप्प. ते खाली बसले, ब्रश घेतला आणि तोंडाने आवाज काढू लागले. स्स्स. स्स्स. मधे दम लागला की थांबायचे, पुन्हा स्स्स.

शार्दूलने दार ढकललं. चार पायांवर वाकलेला, ओली लुंगी अंगाला चिकटलेला बाप फरशीकडे बघून फुत्कारत होता. शार्दूलला हसू आलं. त्याने ते आवरायचा प्रयत्न केला, हे मी त्याच्या बाजूने नमूद करतो. सिद्धी हसली नाही. तिने माझ्या तोटीला हात लावला. थंड.

"तिथे हे करायला माणसं असतात, बाबा," ती म्हणाली.

पुरुषोत्तमराव मुलाकडे बघत राहिले. हसू अजून त्याच्या ओठांवरून पुरतं गेलं नव्हतं. "मशीन दुरुस्त झालं तर?"

"झालं तर घेऊन येऊ ना परत," शार्दूल म्हणाला.

"सरी, बरं," म्हातारा म्हणाला, आणि भिंत धरून उठला.

तो आठवडा संपायच्या आत ते येलहंकाला गेले आणि मी बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या एका दुकानात. दुकानदाराने मला उघडून बघितलं, तुटलंफुटलं काही नाही म्हणाला. पोटात लिंबूसत घातलेलं पाणी फिरवलं, खळखळून ओतलं. एका दुपारीत मी बरा झालो. माझ्यातून पुन्हा पहिल्यासारखी वाफ निघू लागली.

आता अक्काही त्या बाथरूममध्ये जाते. तिथे आता वापरणारं कुणी नाही, त्यामुळे घाणही फारशी होत नाही. पाहुण्यांना सिद्धी माझं कौतुक सांगते.

दर रविवारी येलहंकाहून फोन येतो. म्हातारा तब्येतीचं बोलत नाही, जेवणाचं बोलत नाही. "मशीन झालं का रे?" विचारतो.

"पार्ट मिळत नाहीये, बाबा," शार्दूल सांगतो. मी त्याच्या पायाशीच असतो.

"पाणी बदलून बघायला सांग त्यांना. माझंच चुकलं असेल."

"सांगतो."

मित्रांनो, मला घरात जरूर आणा. कमी क्षाराचं पाणी द्या, अधूनमधून माझं पोट धुवा, काम झालं की पाणी ओतून ठेवा. एवढ्यावर मी वर्षानुवर्षं चालेन. आणि बिघडलो आणि बरा होऊन घरी आलो, तर माझी वाट बघणाऱ्याला तेवढं कळवा.