बळवंतरावांसाठी आखलेले धबधबे

निरुपमाताई कधीच डोंगर चढल्या नव्हत्या, पण हेरंबच्या ग्रुपचा प्रत्येक ट्रेक आखला तो त्यांनीच. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून चालताना कुबड्या आणि डाव्या पायाला कॅलिपर. त्या लोखंडी पट्ट्या चढवूनच त्यांनी बडोद्याच्या एका शाळेत निवृत्तीपर्यंत भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ हेरंब आणि वहिनी मोहना यांच्याबरोबर त्या तरसालीच्या घरात राहायच्या.

हेरंब सावली गावातल्या कारखान्यातून घरी आला की चहाचा कप घेऊन ताईंच्या टेबलाशी यायचा. तिथं नकाशा पसरलेला असायचा.

"हे बघ, इथं रेषा दाटीनं आल्यात, म्हणजे चढ खडा आहे. पाठीवर सॅक घेऊन इथून जाऊ नका. डोंगराच्या या सोंडेनं वर जा, पठारावर मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी नदीकाठानं वळसा घालून गाडीपाशी या."

ग्रुप तसाच जायचा, तसाच परत यायचा. मग हेरंब सगळं वर्णन करून सांगायचा आणि ताई विचारायच्या, "पाणी कुठं मिळालं? सावली होती का?" त्यांनी स्वतः जायचा विषय मात्र कुणी काढत नसे. शाळेच्या सहलीत त्यांना पावागडाच्या पायथ्याशी सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसवलं होतं. तेव्हापासून "मी खालीच बरी" हे वाक्य त्या इतक्या सहज म्हणायच्या, की ऐकणाऱ्याला खरंच वाटायचं.

यंदा पावसाळा सरता सरता ग्रुपनं डांगच्या जंगलात जायचं ठरवलं. हेरंब म्हणाला, "ताई, या वेळी जरा वेगळं काम आहे. सॅकवाल्यांचा लूप तर आखच, पण आपल्या ग्रुपच्या बळवंतरावांनाही यायचंय. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना, फार चालवत नाही. त्यांच्यासाठी छोटे छोटे धबधबे बघ. गाडी जवळ जाईल असे."

ताईंना हे काम फार आवडलं. लूप त्यांनी भराभर आखला, पण बळवंतरावांच्या धबधब्यांवर आठवडाभर घालवला. कुठं पायऱ्या आहेत, कुठं कठडा आहे, कुठं बसायला दगड मिळेल, हे शोधायला लोकांनी इंटरनेटवर टाकलेले फोटो त्या भिंग घेऊन पाहायच्या. शेवटी तीन धबधबे पक्के झाले. शेवटच्या धबधब्यापाशी सॅकवाले रस्त्याजवळ उतरतील, तेव्हाच बळवंतराव तिथं गाडीनं पोचतील, असं त्यांनी जुळवून आणलं.

एकच शंका उरली. बळवंतरावांना उतार जास्त त्रासाचा की चढ? ताईंनी सरळ त्यांनाच फोन लावला.

"मी?" बळवंतराव म्हणाले. "अहो, मी तर उद्या पुण्याला लेकीकडे चाललोय. डांगचं मला कुणी बोललंच नाही!"

त्या संध्याकाळी मोहनानं खिचडी-कढी वाढली आणि ताईंनी ताट बाजूला सरकवलं.

"हेरंब, डांगला येणारे हे बळवंतराव कोण? खरे तर उद्या पुण्याला चाललेत."

हेरंबनं मोहनाकडे पाहिलं. मोहनानं कढीच्या पातेल्याकडे.

"माझ्यासाठी आखायचं होतं तर तसं सांगायचं," ताई म्हणाल्या. "मला फसवलंत तुम्ही."

"सांगितलं असतं तर तू आखलं असतंस?"

"नसतं आखलं."

"मग?"

"मग नाही तर नाही! माझ्यावर दया करायला कुणी सांगितलं होतं?"

"दया नाही गं ताई," हेरंब म्हणाला. "दर वेळी वर पोचलो की आम्ही सगळे म्हणतो, ताईंनी सांगितलं तसंच आहे हं. आणि तू तिथं नसतेस. मला ते बरं वाटत नाही."

ताई उठून खोलीत गेल्या. दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी मोहना भाजीला खंडेराव मार्केटला निघाली, तर ताई तयार होऊन दारात उभ्या. "मीही येते. पण आधी कॅलिपरवाल्याकडे थांबू. बुटाला खाचांचा रबरी तळ लावून घ्यायचाय."

रिक्षात बसल्यावर मोहनानं ताईंचा हात हातात घेतला.

डांगला पोचले त्या दिवशी सॅकवाले ताईंना टाटा करून सोंडेवर चढले. हेरंबनं मात्र सॅक आणलीच नव्हती, तो गाडी चालवायला राहिला, आणि मोहनाही ताईंबरोबर थांबली. पहिला धबधबा म्हणजे मोठी जत्राच होती. कठड्याला टेकून लोक सेल्फी काढत होते, मक्याची कणसं भाजली जात होती. ताईंनी पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे. पण हा टीव्हीवरही दिसतो."

दुसरा धबधबा दरीत होता. गाडीपासून पायवाट सोपी निघाली. सागाची मोठमोठी पानं खाली पडली होती आणि दोन्ही कुबड्या टेकत ताई स्वतःच पुढे चालल्या होत्या. पण शेवटच्या वळणावर वाटच संपली. पावसानं माती वाहून गेली होती आणि खाली उरला होता ओला, उतरता कातळ.

"नकाशात हे नव्हतं," ताई म्हणाल्या.

हेरंब त्यांच्यासमोर पाठ करून खाली बसला. "ये, पाठीवर बस."

"उठ. तू लहान असताना तुला कडेवर घेऊन फिरायची मला फार हौस होती. तेव्हा जमलं नाही. आता तू मला उचलायचं नाही."

"मग परत जाऊ या?"

ताईंनी थोडा वेळ कातळाकडे पाहिलं. मग कुबड्या मोहनाकडे दिल्या, खाली बसल्या आणि दोन्ही हात टेकून घसरत निघाल्या.

"अगं ताई!"

"बाजूला हो, मध्ये येऊ नकोस!"

उजवा पाय टेकायचा, डावा हातानं उचलून पुढे ठेवायचा, मग अंग सरकवायचं. पंजाबी ड्रेस मागून फाटला. मध्येच त्या थांबल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मोहना घाबरून जवळ गेली, तर ताई हसत होत्या. "शाळेतल्या मुलींनी मला असं पाहिलं तर!"

मग तिघंही तसेच बसून घसरत उतरले.

खाली पाणी उंचावरून डोहात कोसळत होतं. शिंतोड्यांनी ताईंचा चष्मा भरून गेला. तो काढून त्या कुबड्यांवर उभ्या राहिल्या आणि बराच वेळ हलल्या नाहीत. मग त्यांनी हेरंबला जवळ बोलावलं. पाण्याच्या गडगडाटात ओरडूनच बोलावं लागत होतं.

"तू हे कधी सांगितलं नाहीस!"

"काय?"

"जमीन थरथरते इथं! कॅलिपरमधून वर येतंय बघ!"

हेरंब वाकला आणि त्यानं ताईंच्या पायाच्या लोखंडी पट्टीला हात लावला. पट्टीत बारीक कंप होता. त्यानं आयुष्यात कितीतरी धबधबे पाहिले होते, पण हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. बहिणीच्या कॅलिपरलाही त्यानं आजवर हात लावला नव्हता. तो तसाच वाकून राहिला. ताईंनी त्याच्या ओल्या केसांवर हात ठेवला.

चढताना फार वेळ लागला. निम्म्यावर ताईंचे हात सोलवटले आणि दम संपला. तेव्हा त्यांनी आपणहून हात पुढे केला. "ओढ आता. पण उचलायचं नाही."

"नाही उचलत," हेरंब म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा खांदा आखडला होता आणि उजवा घोटा सुजला होता. तिसरा धबधबा त्यांनी स्वतःच रद्द केला. मोहना सॅकवाल्यांना भेटायला पुढे गेली. हेरंब गेला नाही.

मुक्कामाच्या घराच्या ओसरीवर ताई पाय वर करून बसल्या होत्या. घरच्या बाईंनी नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, गरम भाकरी आणि उडदाची आमटी आणून ठेवली. समोरच्या डोंगरावरून ढग उतरत होते.

"खूप दुखतंय का?" हेरंबनं विचारलं.

"दुखतंय की. सगळं अंग दुखतंय," ताई म्हणाल्या आणि भाकरीचा पापुद्रा काढून त्याच्या ताटात ठेवला. "खा. गार होईल."