खोट्या मांडवाची धवलारीण

कांद्याची माळ विणताना हात थांबवत नाहीत, पण त्या दिवशी सोनाबायने अर्धी विणलेली माळ खळ्यात आपटली आणि हर्षदवर ओरडली.

"भाव सांगतलास? धवल्याचा भाव? मी काय बोंबलांचा वाटा हाय रं, टोपलीत मांडून इकाया?"

"आत्ये, हलू बोल. आख्खा गाव आयकतंय."

"आयकू दे. गावाला पन कलू दे भाचा काय धंदा करतंय त्यो."

माघाचं ऊन होतं. खाडीवरनं खारा वारा येत होता आणि पांढऱ्या कांद्याची सालं अंगणभर उडत होती. मी त्यांची शेजारीण, आळीत मला धाकली म्हणतात. या दोघांच्या भांडणात पडायचं नाही हे मी लग्न होऊन या आळीत आले तेव्हाच ठरवलंय, आणि दर वेळी पडते.

"काय चुकलं पोराचं?" मी म्हटलं. "काम आणलंन् ना?"

आम्हा आगऱ्यांत लग्नाला भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती मांडवात बसून धवला गाते. गाण्यातच देवांना बोलावते, दोन्ही घरांतल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन बोलावते, हळद लावते, आणि सगळं झालं की गाऊनच त्यांची पाठवणी करते. धवला झाला की आमच्या लेखी लग्न लागलं. भटजी आपला नंतर शिक्का मारायला. सोनाबाय गाते आणि तिच्या मागून मी ओळ झेलते. रात्री-अपरात्री, पावसात, तापात आम्ही दोघी गेलोय. मिळायचं काय, तर साडी, नारळ, सुपात तांदूळ आणि मान. आता मानही राहिला नाही. गेल्या साली एका लग्नात देवांना बोलावून होतंय तोच डीजेवाला आला आणि म्हणाला, मावशी, पाच मिन्टांत आवरा, नवरीची एंट्री हाय. सोनाबायने तशीच अर्ध्यातून पाठवणी करून टाकली.

हर्षद मांडव-डेकोरेशनचं काम करतो. अलिबागपासून रेवदंड्यापर्यंतच्या बंगल्यांचे राखणदार, फूलवाले, जेवणवाले सगळे त्याच्या ओळखीचे. त्याने सोनाबायच्या गाण्याचा इवलासा व्हिडिओ काढून त्या सगळ्यांना धाडला होता.

"आत्ये, काम तिथनं येतंय," तो म्हणाला. "शेट लोक राखनदाराला इचारतात, जेवनवाल्याला इचारतात. आन् भाव आपुन पयला सांगाचा. निम्मं आधी, गारी त्यांची. भाव नाय सांगतला तर साडी-नारल देऊन घालवतील. भाव सांगतला की खुर्ची देतात."

"मी गावाकरं कई मागलं नाय."

"मंग गावान् तुना काय दिलं?"

हे त्याने बोलायला नको होतं. सोनाबायचा चेहरा पडला. पण पोरगं लगेच पुढे म्हणालं, "बंगलेवाल्यांना पुरा धवला पायजेल. पयल्यापासना शेवटापत्तर. कोनी आवरा बोलनार नाय."

सोनाबायने खाली पडलेली माळ उचलली, झटकली आणि परत विणायला घेतली. मी समजले. पैशाने ती हलली नसती.

तिला आणखी एक गोष्ट हवी होती, आणि ती साऱ्या आळीला ठाऊक होती. हर्षद आणि त्याची बहीण सुचिता, दोघांचे आईबाप लवकर गेले. सोनाबाय विधवा होऊन माहेरी आलेली. तिनेच दोघांना वाढवलं. सुचिताचं लग्न वैशाखात ठरलं होतं, पेणकडच्या गणराजशी. तिचा धवला आपण गायचा, म्हणून सोनाबाय वर्षभर गळा जपत होती. थंड पाणी नाही, आंबट नाही. "येवढा एक गाऊन झाला की माजं त्वांड मिटलं तरी चालंल," असं ती मला कैकदा म्हणाली होती.

बंगला समुद्राला लागून होता. मांडव बघून सोनाबाय हरखली. आंब्याचा टाळा, केळीचे खांब, खरीखुरी उंबराची फांदी. तिथली व्यवस्था बघणारा विनेश नावाचा माणूस कानात बटण घालून सगळीकडे पळत होता. त्याने आम्हाला खरंच खुर्च्या दिल्या. सोनाबाय खुर्चीवर बसली नाही, पाटावर बसली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. धवल्याच्या दिवशी पाठवणी होईस्तोवर ती जेवत नाही.

नवरा-नवरी समोर बसले. पोरं देखणी होती. भोवती त्यांच्याच वयाची पन्नासेक पोरं-पोरी, सगळ्यांच्या हातात मोबाईल. म्हातारं माणूस एक नाही.

"आय कुठं तुजी?" सोनाबायने नवरीला विचारलं.

"आई... आली नाही," नवरी म्हणाली आणि खाली बघायला लागली.

सोनाबायने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग नवऱ्याला विचारलं, "तुज्या आजोबाचा नाव काय? गेलेल्यांना बोलवाचं हाय."

तो मित्रांकडे बघायला लागला. मागून कुणीतरी ओरडलं, "ब्रूनो!" आणि सगळे हसले.

सोनाबाय माझ्याकडे वाकली. "किरिस्ताव असंल. असू दे. मेलेल्याला कसली जात." आणि हळूच म्हणाली, "पोरका लगीन हाय गं धाकले. जीव वतून गायाला होवा."

तिने जीव ओतलाच. समुद्राला बोलावलं, शिवेवरच्या देवाला बोलावलं, त्या बिनआईच्या पोरीची आई होऊन गायली. सूर्य पाण्याला टेकत होता. इतकी वर्षं मी तिच्या मागून ओळ झेलते, पण तसा आवाज मी ऐकला नव्हता. एका मुलीने डोळे पुसले. ब्रूनोच्या नावालासुद्धा कुणी हसलं नाही. मला तर अभिमानाने भरून आलं, खोटं कशाला सांगू.

अक्षता पडल्या. नवऱ्याने मुंडावळ्या सोडल्या, शेजारच्या मित्राच्या कपाळाला बांधल्या आणि ओरडला, "नेक्स्ट!"

विनेश धावत आला. "मावशी, फर्स्ट क्लास! आता पुढची जोडी. जरा शॉर्टमध्ये घ्या, हळद आणि ते नावांचं डायरेक्ट."

"कसली जोरी?" सोनाबाय म्हणाली.

"अहो, फेक वेडिंग आहे ना हे. खोटं लग्न. तिकीट काढून येतात लोक, लग्नाची मजा करतात. हर्षदने सांगितलं नाही तुम्हाला?"

"आन् ब्रूनो?" मी विचारलं.

विनेश हसला. "तो त्याचा कुत्रा."

माझ्या अंगाची लाही झाली. मी तोंड उघडणार तोच सोनाबायने माझा हात धरला.

"जोरी-बिरी रावू दे," ती विनेशला म्हणाली. "मांडवात देव बसलंत. मी बोलावलंय त्यांना. त्या दोघांना पाटावर बसव, पाठवनी करतंय न् जातंय."

"मावशी, आता कुठे शोधू त्यांना?"

मग ती स्वतःच उठली. नवरी पोहायच्या तलावाजवळ उभी होती. सोनाबायने तिला हात जोडले, बाय, थोरा येल बस, म्हणाली. ती मुलगी वाईट नव्हती. "आजी, किती गोड आहात तुम्ही," म्हणून तिने सोनाबायच्या गालाला गाल लावला आणि मोबाईल वर धरला. तेवढ्यात डीजे सुरू झाला. सोनाबाय मांडवात परतली, एकटीच पाटासमोर बसली आणि पाठवणी गायला लागली. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. शब्द एक ऐकू येईना, मग मी काय झेलणार? आणि मागून ओळ झेलल्याशिवाय पाठवणी पुरी होत नाही.

परत येताना टेम्पोत ती हर्षदला एवढंच म्हणाली, "तुना ठाव व्हता?"

"पार्टी हाय येवढं ठाव व्हता," तो म्हणाला. "आत्ये, गानं त्ये गानं. त्यांना कुठं काय कलतंय?"

"मना कलतंय ना."

चार दिवसांत त्या खोट्या लग्नाचा व्हिडिओ गावातल्या प्रत्येक मोबाईलवर होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, आजीने कुत्र्याला पण स्वर्गातून बोलावलं. विहिरीवर बायका मला बघून बोलायच्या थांबायला लागल्या. देव बोलावून ठेवलेन् आणि घरी नाय घालवलेन्, हे बोलणं घराघरात झालं. चैत्रात गावात तीन लग्नं झाली. सोनाबायला एकाही घरून सुपारी आली नाही.

मग पेणहून बाळाजी आले, गणराजचे वडील. भला माणूस, म्हणूनच ते जास्त लागलं. ओटीवर बसून हर्षदला म्हणाले, "बाबा, आमचा काय एक राग नाय. सोनाबायनी पोरीला वाढवलीन्, त्यांच्या पायावर डोकं ठेवीन मी. पन खोट्या लग्नात जे त्वांड देव बोलावून बसलं, त्या तोंडचा धवला आमाला नको. घरच्या बाया ऐकाया तयार नाय. भटजी लावू दे सगला."

हर्षद खाली मान घालून बसला. सोनाबाय आतून चहा घेऊन आली. कप खाली ठेवून म्हणाली, "बराबर बोलतांव तुमी."

सुचिता आतल्या खोलीतून ऐकत होती. पाहुणे गेल्यावर ती बाहेर आली. "मी नाय करीत हे लगीन. आत्या नाय तर लगीन नाय."

"गप," सोनाबाय म्हणाली. "माजं त्वांड बाटलंय. तुजा नशीब नाय बाटवायचा मना."

पोरगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. सोनाबाय रडली नाही. त्या दिवसापासून मात्र ती ताक प्यायला लागली, थंड पाणी प्यायला लागली. गळा जपणं संपलं होतं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात विनेशचा फोन आला. व्हिडिओ गाजला म्हणून त्याला आणखी कामं येत होती. हर्षदने नाही म्हणून सांगितलं, तर सोनाबायने त्याच्या हातातून मोबाईल घेतला.

"त्याच बंगल्यात हाय?" तिने विचारलं. "येतंय. पन एकच जोरी. पुरा येल. मी हात वर करीपत्तर तुजा त्यो डीजे वाजवायचा नाय."

"मावशी, तुम्ही म्हणाल तसं! या वेळी रेट पण डबल देतो," विनेशचा आवाज मला सुद्धा ऐकू आला.

"त्ये हर्षदला सांग."

तारीख कळली तेव्हा मी कपाळावर हात मारला. "सुचीच्या लग्नाच्या दिवशी? डोकं फिरलं तुजं सोने?"

"मंग काय करू? घरात बसून भटजीचा भोंगा आयकू? आन् त्ये देव अजून तिथंच अरकलंत. मी बोलावलं, मीच घरी लावाया नको?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू नको येव. तू शेजारीन, तुना मांडवात उभं रावाचं हाय."

मी गेले. नवऱ्याने शिव्या घातल्या, सुनेने तोंड फिरवलं, पण मी गेले. मी नाही तर तिच्या मागून ओळ कोण झेलणार?

वैशाखाचं ऊन मरणाचं होतं. शेतं भेगाळलेली, बांधावरचं गवत काळं पडलेलं, आणि बंगल्यातली हिरवळ तेवढी ओलीगार. मांडव तसाच, पोरं दुसरी. सोनाबायने पाटावर बसून आधी जुन्या देवांची पाठवणी गायली, सावकाश, एकेकाचं नाव घेऊन. विनेशला वाटलं सुरुवातच झाली. तो म्हणाला, "मावशी, नावं विचारा ना, तो पार्ट भारी असतो."

"नावं ठाव हात मना," ती म्हणाली.

मग तिने नवा धवला धरला. ताक आणि गार पाण्याने गळा बसला होता, तरी ती थांबली नाही. नवरीचं नाव तिने सुचिता घेतलं. मला वाटलं, चुकून आलं तोंडात. मग नवरा गणराज आला. मग तिने बोलावलं शिवदासला, आणि माझी ओळ तिथेच सुटली. शिवदास तिचा भाऊ, हर्षद-सुचिताचा बाप. त्याच्या मागून भावजय आली, सोनाबायचा बा आला, आजी आली, पेणच्या घरातली गेलेली माणसं आली. सगळी नावं तिने आधीच विचारून ठेवली होती. मी डोळे पुसले आणि ओळ पकडली. पुढे एकही सोडली नाही.

हळदीला तिने त्या मुलीच्या गालाला बोट लावलं, पण बघत होती कुठे भलतीकडेच. अक्षता तिने समोरच्या जोडप्यावर टाकल्या नाहीत. गावाच्या बाजूला तोंड करून टाकल्या. पोरांना वाटलं हीच रीत, त्यांनीही तिकडेच टाकल्या. मग पुरी पाठवणी गायली आणि हात वर केला.

निघताना ती खोटी नवरी आमच्यामागून आली. "आजी, तुम्ही सुचिता म्हणत होतात. माझं नाव तेजस्वी आहे. सुचिता कोण?"

"नवरी," सोनाबाय म्हणाली. "तुजा लगीन लागल तवा तुजा नाव घीन."

आम्ही पोचलो तेव्हा आमच्या आळीत मांडवातल्या खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. वऱ्हाड गेलं होतं. हर्षद खांबाला टेकून उभा होता, डोळे सुजलेले.

"भटजीनी अर्ध्या तासात उरकलंन्," तो म्हणाला. "सुची सारखी तुज्या वाटंकरं बगत व्हती. आत्ये, तू असाया पायजेल व्हतीस."

"मी व्हते," सोनाबाय म्हणाली.

त्याला काही कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. तो ताट वाढून घेऊन आला. ती रिकाम्या मांडवाच्या कडेला जमिनीवर बसली. आळीतलं कुणी जवळ आलं नाही. वरण संपलं होतं, भात गार झाला होता. तिने तो तसाच कोरडा खाल्ला.